छायाचित्रांवरून क्रेन माशीची जात कशी ओळखावी

पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या घरात संध्याकाळी दिवा लागला, की लांबलचक पायांचा, डासासारखा पण डासाच्या कितीतरी पट मोठा असा एक कीटक भिंतीवर येऊन बसतो. घरातली माणसे त्याला मोठा डास म्हणतात आणि झाडू उचलतात. हा डास नव्हे. त्याच्या तोंडाला त्वचा भेदणारे अवयवच नसतात, त्यामुळे तो चावत नाही आणि रक्तही पीत नाही. इंग्रजीत त्याला क्रेन फ्लाय म्हणतात. माश्या आणि डास ज्या द्विपंखी गणात येतात त्याच गणातला हा कीटक असल्यामुळे येथे त्याला क्रेन माशी म्हटले आहे.

जगात क्रेन माश्यांच्या पंधरा हजारांहून अधिक जातींची शास्त्रीय वर्णने झालेली आहेत. त्यांपैकी अकरा हजारांहून अधिक वर्णने चार्ल्स पॉल अलेक्झांडर (१८८९–१९८१) या एकाच अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने लिहिली. भारतातील अनेक जातींची नावेही त्यांनीच दिलेली आहेत. त्यांच्या आधी १९१२ मध्ये एन्रिको ब्रुनेट्टी यांनी तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानातील क्रेन माश्यांचा पद्धतशीर आढावा घेतला होता. जात ओळखू पाहणाऱ्याने हा इतिहास लक्षात ठेवावा, कारण ही वर्णने प्रामुख्याने टाचणीला टोचून वाळवलेल्या नमुन्यांवरून लिहिली गेली, आणि लिहिणाऱ्यांचे लक्ष मुख्यतः पंखांतल्या शिरांवर, शृंगिकांच्या म्हणजे मिशांच्या खंडांवर आणि नराच्या उदराच्या टोकावर होते. पानावर बसलेली माशी कोवळ्या उन्हात किती सुंदर दिसते हे त्या वर्णनांत नाही. म्हणून वर्णन लिहिणाऱ्याने जे पाहिले तेच आपल्या छायाचित्रात दिसले पाहिजे. ते दिसत नसेल, तर छायाचित्र कितीही देखणे असले तरी जात ठरवण्याच्या कामी ते फारसे येत नाही.

आधी क्रेन माशीच आहे ना, हे पाहावे

वक्षाच्या पाठीवर इंग्रजी व्ही या अक्षरासारखी एक शिवण दिसते. क्रेन माशीची ही सर्वांत भरवशाची खूण आहे आणि वरून घेतलेल्या बऱ्यापैकी स्पष्ट छायाचित्रात ती सापडते. पंख दोनच असतात, आणि त्यांच्या मागे गोळे लावलेल्या टाचणीसारखे दोन संतोलक उघडे दिसतात. पंखांवर डासाच्या पंखांसारखे खवले नसतात. डोक्यावर दोन मोठे संयुक्त डोळे असतात, परंतु इतर अनेक कीटकांत या दोहोंच्या मध्ये असणारे साधे छोटे डोळे क्रेन माशीला नसतात. हा शेवटचा मुद्दा थंड प्रदेशात विशेष उपयोगी पडतो, कारण तेथे हिवाळ्यात उडणाऱ्या ट्रायकोसेरिडी कुलातल्या माश्या हुबेहूब क्रेन माशीसारख्या दिसतात आणि त्यांना हे साधे डोळे असतात. पंखाच्या मागच्या भागात मुळापासून कडेपर्यंत पोहोचणाऱ्या दोन शिरा क्रेन माशीत असतात. टायकॉप्टेरिडी या जवळच्या कुलात तेथे एकच शीर कडेपर्यंत जाते.

झुडपाला पुढच्या पायांनी लोंबकळणारा आणि चार पंख असलेला कीटक दिसला, तर तो बिटॅसिडी कुलातला शिकारी कीटक असतो. त्याचे पंख मिटलेले असताना ते चार आहेत की दोन हे कळत नाही, आणि या एका कारणाने पुष्कळ छायाचित्रे चुकीच्या नावाखाली जातात.

कोणती छायाचित्रे घ्यावीत

एकाच माशीची किमान पाच छायाचित्रे हवीत: संपूर्ण शरीर वरून, पंख सपाट, डोके बाजूने, उदराचे टोक बाजूने आणि तेच टोक वरून. वेळ कमी असेल आणि माशी उडून जाण्याच्या बेतात असेल, तर पहिल्या सरसकट छायाचित्रानंतर लगेच पंख टिपावा. पंखाच्या एका स्वच्छ छायाचित्रावरून निदान वंशापर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, तरी पोहोचता येते. डोक्याच्या किंवा पायांच्या छायाचित्रातून एवढे क्वचितच हाती लागते.

पंख टिपताना कॅमेऱ्याचे भिंग पंखाच्या पृष्ठभागाशी अगदी समोरासमोर असावे. कॅमेरा थोडा जरी तिरका झाला, तरी पंखाचा अर्धा भाग धूसर होतो आणि नेमक्या त्याच भागात आपल्याला हवा असलेला शिरांचा फाटा असतो. माशी खिडकीच्या काचेवर बसली असेल तर ती संधी सोडू नये. मागून प्रकाश आला की प्रत्येक शीर रेखाटल्यासारखी उठून दिसते. फ्लॅश सरळ मारल्यास पंखाचा पडदा इंद्रधनुषी रंगांनी चकाकतो, त्यावरचे फिकट ठिपके पुसले जातात आणि नसलेले डाग दिसू लागतात. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर धरला तर हा दोष बराच कमी होतो. मोबाइलवर चिमट्याने लावायचे मॅक्रो भिंगही या कामाला पुरते, मात्र हात स्थिर हवा आणि एकाच कोनातून दहा-बारा वेळा टिपण्याची तयारी हवी.

अनेक क्रेन माश्या बसल्यावर पंख एकावर एक मिटून घेतात. अशा वेळी वरच्या पंखातून खालच्या पंखाच्या शिराही दिसतात, दोन्ही जाळी एकमेकांत मिसळतात, आणि प्रत्यक्षात नसलेला फाटा किंवा नसलेले घर, म्हणजे शिरांनी वेढलेला पंखाचा तुकडा, आपण मोजतो. पंख मिटलेल्या छायाचित्रातल्या शिरा मी आता मोजतच नाही. गवताच्या काडीने हलका स्पर्श केला तर माशी पुष्कळदा एखादे पाऊल सरकते आणि क्षणभर पंख पसरते. त्या क्षणासाठी बोट बटणावर ठेवून थांबावे.

माशी घरात आलेली असेल तर तिच्यावर पारदर्शक डबी उपडी ठेवावी, खालून कडक कागद सरकवावा आणि डबी आठ-दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे माशी संथ होते. मग पांढऱ्या कागदावर तिची सावकाश छायाचित्रे घेता येतात आणि नंतर तिला पुन्हा बाहेर सोडता येते. तिला बोटांनी उचलू नये. क्रेन माशीचे पाय मांडीच्या मुळाशी सहज तुटतात. पकडणाऱ्याच्या हाती पाय ठेवून निसटण्याची ती तिची रीतच आहे. म्हणूनच छायाचित्रात पाच किंवा चार पाय दिसले, तर त्याला ओळखीची खूण समजू नये.

कागदावर माशीशेजारी आलेखपत्राचा तुकडा ठेवल्यास पंखाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येते. मोजायची ती पंखाचीच लांबी. अंडी भरलेल्या मादीचे उदर फुगते आणि ताणले जाते, वाळल्यावर ते आक्रसते, पंखात मात्र असा फरक पडत नाही. जुन्या वर्णनांत पंखाची लांबी आवर्जून दिलेली असते ती याच कारणाने.

रंगाबाबत सावध राहावे. कोषातून नुकतीच बाहेर पडलेली माशी फिकट, जवळजवळ दुधाळ दिसते आणि तिचे खरे पट्टे काही तासांनी उमटतात. उदरावर किंवा मानेजवळ लालभडक ठिपके दिसले, तर छायाचित्र मोठे करून पाहावे. बऱ्याचदा ते अंगाला चिकटलेले परजीवी कोळीटक असतात, म्हणजे माइट. जातीशी त्या ठिपक्यांचा काही संबंध नसतो.

नर की मादी

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढचा गोंधळ तेथूनच सुरू होतो. मादीचे उदर टोकाला निमुळते होत जाते आणि त्याच्या शेवटी मातीत अंडी घालण्यासाठी टोकदार, कडक अंडनिक्षेपक असतो. हा नांगीसारखा दिसल्यामुळे लोक घाबरतात, पण तो टोचत नाही. नराच्या उदराचे टोक जाड, बोथट, गदेसारखे असते. त्या जाड भागात मादीला धरून ठेवणाऱ्या जननांगांच्या पकडी असतात, आणि त्यांचा आकार जवळजवळ प्रत्येक जातीत वेगळा असतो. पंख, रंग आणि आकार अगदी सारखे असलेल्या दोन जाती केवळ या पकडींच्या आकारावरून वेगळ्या केलेल्या असतात. म्हणून माशी नर असेल तर उदराच्या टोकाचे शक्य तितक्या जवळून, बाजूने आणि वरून असे दोन्हीकडून छायाचित्र घ्यावे. फक्त मादीचे छायाचित्र असेल, तर भारतातल्या बहुसंख्य क्रेन माश्यांबाबत जातीपर्यंत जाण्याची अपेक्षा ठेवू नये.

कुल कसे ठरवावे

पूर्वी सर्व क्रेन माश्या टिप्युलिडी या एकाच कुलात गणल्या जात. आता बहुतेक अभ्यासक त्यांची टिप्युलिडी, लिमोनिइडी, पेडिसिइडी आणि सिलिंड्रोटोमिडी अशी चार कुले मानतात. शेवटची दोन लहान आहेत आणि मुख्यतः थंड प्रदेशांत आढळतात. पेडिसिइडी कुलातल्या माश्यांच्या संयुक्त डोळ्यांवर बारीक केस असतात. सह्याद्रीत फिरणाऱ्याला मुख्यतः टिप्युलिडी आणि लिमोनिइडी यांच्यातच निवड करावी लागते.

त्यासाठी डोके बाजूने टिपलेले छायाचित्र लागते. टिप्युलिडी कुलातल्या माशीचे तोंड पुढे लांबट झालेले असते, त्याच्या वरच्या टोकावर बहुधा नाकासारखा छोटा उंचवटा असतो, आणि तोंडाजवळच्या मुखस्पर्शकांचा शेवटचा खंड चाबकासारखा लांब व लवचीक असतो. लिमोनिइडी कुलात हा शेवटचा खंड आखूड असतो आणि नाकाचा उंचवटा नसतो. शृंगिकांचे खंड टिप्युलिडीत सहसा तेरा, तर लिमोनिइडीत सहसा चौदा किंवा सोळा असतात. पंखातही फरक आहे. पुढच्या कडेलगत जी पहिली बारीक शीर धावते, ती लिमोनिइडीत कडेला जाऊन मिळते. टिप्युलिडीत ती बहुधा मागे वळून पुढच्या जाड शिरेत विलीन होते. आकाराने मोठी आणि पंख पसरून बसलेली माशी टिप्युलिडी, तर लहान आणि पंख मिटून बसलेली लिमोनिइडी, असा ढोबळ अंदाज लोक बांधतात. पहिल्या नजरेपुरता तो ठीक आहे, पण त्याला इतके अपवाद आहेत की केवळ त्याच्या जोरावर नाव लिहू नये.

लिमोनिइडी कुलात जेरानोमाया नावाचा एक वंश आहे. त्यातल्या माश्यांना लांब सोंड असते आणि त्यामुळे त्या डासच वाटतात. त्या फुलांतला मध पितात. सोंड आहे म्हणून क्रेन माशी नाही, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी पाठीवरची शिवण पाहावी आणि पंखांवर खवले नाहीत याची खात्री करावी.

आपल्याकडे दिसणारे काही सोपे वंश

पिवळे चकचकीत अंग आणि पाठीवर काळे किंवा तपकिरी ठळक पट्टे दिसले, की नेफ्रोटोमा हा वंश मनात यावा. खात्री पंखावर करावी. पंखाच्या टोकाकडच्या अर्ध्यात सर्व बाजूंनी बंद असलेले एक छोटे घर असते आणि त्यातून शिरा कडेकडे जातात. या घराच्या वरच्या कोपऱ्याजवळून एक फाटा निघतो. टिप्युला वंशात या फाट्याला स्पष्ट देठ असतो. नेफ्रोटोमात तो देठ नसतो किंवा अगदी आखूड असतो. नेफ्रोटोमाच्या जाती ठरवताना पाठीवरच्या बाजूच्या पट्ट्यांची पुढची टोके सरळ आहेत की खाली वळलेली, आणि डोक्याच्या मागच्या भागावरचा डाग कोणत्या आकाराचा आहे, हे पाहतात. तेव्हा पाठ आणि डोक्याचा मागचा भाग स्वतंत्रपणे टिपावा.

ओढ्याकाठच्या अंधाऱ्या कपारींत, पुलाखाली किंवा झाडाच्या ढोलीत काळपट, अतिशय सडपातळ आणि पायांची टोके पांढरी असलेली माशी लोंबकळताना दिसली, तर ती डोलिकोपेझा असू शकते. या वंशातल्या अनेक जातींत वर सांगितलेले बंद घर पंखात नसतेच. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याला लटकलेल्या नाजूक माश्या पुष्कळदा ट्रेंटेपोलिया वंशातल्या असतात. त्या जाळ्यात अडकलेल्या नसतात, त्या तेथे स्वखुशीने विसावलेल्या असतात, त्यामुळे त्यांना सोडवण्याची गरज नाही. नराच्या शृंगिका कंगव्यासारख्या आणि अंग काळे-नारिंगी, गांधीलमाशीची आठवण करून देणारे असेल, तर सेलिओफोरा वंश तपासावा.

छायाचित्रावरून थेट जातीचे नाव लिहिण्याचे धाडस करता येईल अशी आपल्याकडची एक माशी म्हणजे कोनोसिया इरोराटा. आफ्रिकेपासून आशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या या जातीचे वर्णन वीडेमान यांनी १८२८ मध्ये केले. तिच्या अरुंद पंखांवर शिरांच्या कडेने बारीक तपकिरी ठिपक्यांची रांग असते. शिवाय ती बसण्याच्या ढबीवरूनही ओळखू येते: पंख अंगाशी गच्च मिटून आणि पाय पुढे-मागे ताणून ती काडीला अशी चिकटते, की मोडक्या गवताचा तुकडाच वाटावा. ठिपके आणि ढब या दोन्ही गोष्टी एकाच छायाचित्रात आल्या, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

एका जोडीचे उदाहरण

सारख्या दिसणाऱ्या दोन जाती वेगळ्या कशा करायच्या, याचा सराव करायचा असेल तर युरोपातील टिप्युला पॅल्युडोसा आणि टिप्युला ओलेरेसिया ही जोडी घ्यावी. या दोन्ही माश्या उत्तर अमेरिकेतही पोहोचल्या आहेत, त्यामुळे लंडनमध्ये किंवा व्हँकूव्हरमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांच्या खिडकीवरही त्या बसत असतील. त्यांच्या अळ्या गवताची मुळे खातात आणि हिरवळीचे मोठे नुकसान करतात. १९३५ साली लॉर्ड्सच्या मैदानावर क्रेन माश्यांच्या अळ्यांनी असा धुमाकूळ घातला, की गवताला टक्कल पडले आणि त्या मोसमात चेंडू नेहमीपेक्षा जास्त वळू लागला.

दोन्ही माश्या करड्या-तपकिरी असतात, आणि दोघींच्याही पंखाच्या पुढच्या कडेला गडद पट्टा व त्यामागे पांढुरकी रेघ असते. म्हणजे पंख आपल्याला या जोडीपर्यंत आणतो आणि तेथेच थांबतो. पुढे शृंगिकांचे खंड मोजावे लागतात: पॅल्युडोसात ते चौदा, तर ओलेरेसियात तेरा. मोजताना डोक्यालगतचे पहिले दोन खंडही धरावेत, नाहीतर संख्या दोनने चुकते. टोकाचा खंड अतिशय लहान असल्याने तो छायाचित्रात धूसर असेल, तर मोजणी ग्राह्य धरू नये. डोके खालून टिपता आले तर जास्त बरे, कारण ओलेरेसियात दोन डोळ्यांमधली खालची जागा अगदी अरुंद असते आणि पॅल्युडोसात ती स्पष्ट रुंद असते. काचेवर बसलेली माशी दुसऱ्या बाजूने टिपली की हा भाग आपोआप दिसतो. मादी असेल तर पंख आणि उदर यांची तुलना करावी: पॅल्युडोसाच्या मादीचे पंख उदरापेक्षा आखूड, तर ओलेरेसियाच्या मादीचे उदरापेक्षा लांब असतात. ही तुलना फक्त अगदी वरून घेतलेल्या छायाचित्रावर करावी, कारण तिरक्या कोनातून लांब पंखही आखूड भासतो.

तारखेचाही आधार मिळतो. ब्रिटनमध्ये पॅल्युडोसा उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात उडते, म्हणून मे महिन्यात घेतलेले छायाचित्र ओलेरेसियाकडे झुकते. शरदात मात्र दोन्ही असू शकतात, आणि उशिराच्या शरदात टिप्युला सबकंक्टान्स ही तिसरी जवळची जातही त्यांत मिसळते. तेव्हा तारखेला साक्षीदार मानावे, पण निकाल तिच्यावर सोपवू नये.

कोठे थांबावे आणि नोंद कशी ठेवावी

मोबाइलवरील ओळख सुचवणारी साधने एका क्षणात नाव पुढे करतात. ज्या जातींची छायाचित्रे त्या साधनाला शिकवली गेली आहेत, त्यांच्यातूनच ते निवड करते. भारतातल्या बहुसंख्य क्रेन माश्यांची नाव निश्चित झालेली छायाचित्रे उपलब्ध नसल्याने ताम्हिणीतल्या माशीला एखादे युरोपीय नाव मिळण्याचा धोका कायम असतो. सुचवलेल्या नावाचे प्रदेश तपासावेत, आणि भारतातून त्या जातीची नोंद नसेल तर ते नाव स्वीकारू नये. जुन्या ग्रंथांतली नावे वापरतानाही हीच काळजी हवी. ब्रुनेट्टी यांच्या काळानंतर अनेक जाती दुसऱ्या वंशांत हलवल्या गेल्या आहेत, म्हणून १९१२ चे नाव आजच्या जागतिक सूचीत पडताळून घ्यावे. पिओटर ओस्टरब्रुक यांनी सांभाळलेली अशी सूची इंटरनेटवर खुली आहे.

पुरावा जेथपर्यंत नेतो तेथपर्यंतच नाव लिहावे. फक्त कुल ठरत असेल तर कुल, वंश ठरत असेल तर वंश. ‘नेफ्रोटोमा, जात अनिश्चित, नर’ ही खरी नोंद आहे, आणि तिच्यावर पुढचा अभ्यासक काम करू शकतो. अंदाजाने लिहिलेले जातीचे नाव मात्र नकाशावर चुकीचा ठिपका उमटवते, आणि तो ठिपका पाहून दुसरे लोकही आपल्या माशीला तेच नाव देतात. नमुना गोळा केल्याशिवाय जात ठरणार नाही असे दिसले, तरी राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांत वनविभागाच्या परवानगीशिवाय कीटक गोळा करता येत नाहीत हे ध्यानात ठेवावे. तेथे छायाचित्रावरच भागवावे लागते.

नोंदीत तारीख, वेळ, गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि माशी नेमकी कशावर बसली होती हे लिहावे: शेवाळलेली भिंत, ओढ्याचा काठ, भाताचे खाचर, घरातला दिवा. दिव्यावर आलेली माशी दुरूनही आलेली असते, म्हणून दिवा असल्यास तसा स्पष्ट उल्लेख हवा. क्रेन माश्यांच्या अळ्या ओली माती, कुजणारी पाने, सडके लाकूड, शेवाळ किंवा वाहते पाणी अशा वेगवेगळ्या ठिकाणी वाढतात, त्यामुळे बसण्याच्या जागेवरून कधीकधी वंशाचा अंदाज बळकट होतो. मूळ छायाचित्रे पूर्ण आकारात जपून ठेवावीत. संदेशातून पाठवलेल्या प्रती आकुंचित होतात आणि त्यांत सर्वांत आधी पुसल्या जातात त्या पंखातल्या बारीक शिरा.